वाशी समोर असताना ठाणे

श्रोतेहो, नमस्कार.

मी बरीच वर्षं ठाण्यातल्या एका सरकारी केंद्रात एचआयव्हीची समुपदेशक होते. निवृत्त झाले असं म्हणत नाही, कारण सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातली बहुतेक माणसं कंत्राटी. कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही, त्याचा करार संपतो. माझाही संपला, आणि आता बोलायला वेळ आहे.

समोर माणूस बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘कुठून आलात?’ घाबरलेल्या माणसाला जरा मोकळं करावं म्हणून विचारलेला साधा प्रश्न. पण उत्तरं ऐकता ऐकता मला कोडं पडायला लागलं. डोंबिवलीची बाई ठाण्याला यायची. ठाण्याचा, अगदी वागळे इस्टेटचा माणूस मात्र मुंबई गाठायचा. ऐरोलीचे ठाण्यात आणि कळव्याचे वाशीत. सगळीकडे तीच चाचणी, तीच गोळी, तीही फुकट. तरी प्रत्येकजण आपल्या स्टेशनावरून गाडीत बसून दुसऱ्याच्या स्टेशनावर उतरत होता.

कोपरखैरण्याहून एक बाई यायची. तपशील थोडे फिरवून सांगते, म्हणजे कोणी ओळखायला नको. तिचं घर माथाडींच्या वस्तीत. वाशीचं महापालिकेचं रुग्णालय रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर. आणि ही घणसोली, रबाळे, ऐरोली करत, खाडा टाकून, ठाण्याला. मी एकदा म्हटलं, ‘अगं, वाशी समोर असताना ठाणे कशाला?’ ती म्हणाली, ‘ताई, आमच्या लायनीतल्या चार बायका त्या दवाखान्यात कामाला आहेत. एकीनं बघितलं की संध्याकाळी नळावर चर्चा.’

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात हिशेब ठेवायला लागले. कलंक, भेदभाव हे शब्द अहवालात असतात. मी तो स्टेशनांत मोजायचे. माणूस घरापासून किती स्टेशनं लांब येतो, तेवढा त्याचा धाक.

ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर गाडी सुरू झाली २००४ साली. त्याच वर्षी १ एप्रिलला केंद्र सरकारनं एचआयव्हीचं औषध मोफत द्यायला सुरुवात केली, देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यांपैकी एक. आता एक उलटी गंमत बघा. २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीनं जाहीर केलं होतं, की तिन्ही औषधं मिळून माणशी दिवसाला डॉलरभरापेक्षाही कमी खर्चात देता येतील. तोवर तोच उपचार वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरचा होता. साऱ्या जगात खळबळ उडाली, आफ्रिकेतल्या रुग्णांना आशा वाटली. आणि औषध जिथं तयार होतं, तिथल्या गरीब माणसाला ते सरकारी खिडकीवर मिळायला आणखी तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं ज्यांच्या घरात मोजली गेली, त्यांना विचारा.

पुढं जागोजागी केंद्रं झाली. सुरुवातीला औषध मिळायचं ते ज्याचं सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशींचं प्रमाण, २०० च्या खाली गेलंय त्यालाच. म्हणजे माणूस पुरता खचल्यावर. २०१७ पासून तसं नाही. चाचणी पॉझिटिव्ह आली की आकडा कितीही असो, औषध सुरू. सरकारचा या साऱ्या वाटचालीतला सगळ्यात शहाणा निर्णय मी हाच मानते.

जुन्या गोळ्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यात स्टॅव्ह्युडिन नावाचं एक औषध असे. माणूस त्यानं जगायचा, पण बऱ्याच जणांचे गाल आत जायचे, हातपाय काटक्यांसारखे व्हायचे. दुसऱ्या एका औषधानं नखं काळी पडायची. विषाणू आटोक्यात, पण चेहराच बोलायला लागला. चाळीतल्या लोकांना रिपोर्ट बघायची गरज उरली नाही. एक गिरणी कामगाराचा मुलगा मला म्हणाला होता, ‘मॅडम, गोळीनं मला वाचवलं आणि गोळीनंच माझं नाव पुकारलं.’ स्टॅव्ह्युडिन पुढं कार्यक्रमातून काढून टाकलं. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तिन्ही औषधं मिळून दिवसाला एकच गोळी असते. गाल बसत नाहीत. रस्त्यात तुमच्या शेजारून गेलेल्या माणसावरून काही कळायचं नाही, आणि कळायचं कारणही नाही.

पण डबी राहिलीच. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी चालताना पिशवीत वाजते. बायका केंद्राच्या जिन्यातच लेबल खरवडायच्या आणि डबीत कापूस कोंबायच्या, आवाज नको म्हणून. कोणी गोळ्या कागदाच्या पुडीत बांधायचं, कोणी कॅल्शियमच्या बाटलीत ओतायचं. आम्ही ओरडायचो, ‘दमट हवा लागली की गोळी खराब होते.’ त्या मान डोलवायच्या आणि पुन्हा तेच करायच्या. सासूच्या नजरेपुढं दमट हवेची काय पत्रास?

हा धाक आला कुठून? थोडा आपल्या स्वभावातून, हे खरं. पण थोडा सरकारनंही पेरला, असं माझं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला १९९२ मध्ये. त्या काळातली पोस्टरं आठवतात का? कवटी, हाडं, काळी पार्श्वभूमी, ‘एड्स म्हणजे मृत्यू’. औषध नव्हतं, घाबरवणं एवढंच हाती होतं, हे मी समजू शकते. पण माणसं रोगाला भिण्याऐवजी रोग्याला भ्यायला लागली. नंतरची वीस-पंचवीस वर्षं सरकार तीच भिंतीवरची कवटी पुसण्यात पैसे घालवतंय. १ डिसेंबरच्या प्रभातफेऱ्या, कॉलेजांतले रेड रिबन क्लब, नाक्यावरची पथनाट्यं, सगळ्यात तीच खटपट. मच्छर चावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे तुम्हा सगळ्यांना आता पाठ आहे. पाठ असूनही पॉझिटिव्ह भाडेकरूचा कप वेगळा ठेवला जातो, तेव्हा अडचण माहितीची नसते.

आकडा एकच सांगते. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, आणि त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात, सुमारे ३ लाख ९४ हजार.

आता चाचणीबद्दल. सरकारी रुग्णालयात ‘आयसीटीसी’ अशी पाटी असते, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. आधी तुमच्याशी बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तर बहुधा त्याच दिवशी मोकळे. काही निघालं, तर त्याच रक्ताची आणखी दोन वेगळ्या किटवर तपासणी होते. तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. हे मुद्दाम सांगते, कारण शिबिरात बोटाला टोचून झालेल्या एका चाचणीवरून घर सोडून गेलेला माणूस मी पाहिलाय. आणि दुसरं, शंका येईल असं काही घडल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटू नका. लागण रक्तात दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणतात. धोका नुकताच घडला असेल तर मात्र तीन महिने थांबू नका. बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठला तर अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांनी बहुतेक वेळा लागण टाळता येते.

केंद्रात माणसं येत नाहीत, तर केंद्रानं माणसांकडे जावं, ही कल्पना सरकारला लवकर सुचली. त्यासाठी संस्थांना पैसे देऊन वस्त्यांत कामं सुरू झाली. भिवंडीत यंत्रमागावरचे कामगार, वाशी-तुर्भ्याच्या बाजारात येणारे ट्रकवाले आणि क्लीनर, कळंबोलीचा ट्रक टर्मिनल, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या वस्त्या, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, सुईनं नशा करणारे. आणि खरं काम केलं ते त्याच वस्तीतल्या माणसांनी, ज्यांना ‘पीअर’ म्हणतात. आमच्या पदव्या एका बाजूला आणि ‘मी पण गोळी घेते, चल माझ्याबरोबर’ हे वाक्य एका बाजूला. मी ट्रकवाल्यांच्या शिबिरांना रात्री गेलेय. दिवसा ड्रायव्हर झोपलेला असतो, नाहीतर माल उतरवण्याच्या घाईत. साडेदहानंतर चहाच्या टपरीवर तो माणसात येतो. सकाळी दहा ते पाचच्या खिडकीनं त्याला कधीच गाठलं नसतं.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. एक तृतीयपंथी पीअर एका मुलीला घेऊन चाचणीला आली. मुलगी म्हणजे तिची चेली. तासाभरानं वर पोचल्या. मी विचारलं, एवढा उशीर का? तर खाली केसपेपरला दोन रांगा, पुरुषांची आणि बायकांची. पुरुषांच्या रांगेत टाळ्या पिटून हसले, बायकांच्या रांगेतून बाहेर काढलं. ‘ताई, आधी कुठं उभं राहायचं ते सांगा, मग रक्त कुठं द्यायचं ते सांगा.’ तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच मान्य केली होती. निकाल दिल्लीहून निघाला, पण त्या केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोचायचा होता. त्या दिवसानंतर मी खालच्या माणसाशी बोलून ठेवलं, यांना सरळ वर पाठव. ही काही योजना नव्हे, ओळखीचा शॉर्टकट. पण चालला.

कायदाही आहे, आणि चांगला आहे. २०१७ चा, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय चाचणी करायची नाही. कोणाचं पॉझिटिव्ह असणं त्याच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगायचं नाही. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, यांत भेदभाव करायचा नाही. नोकरी देण्याआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीनं मागायची नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, राज्यात लोकपाल हवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदारानं ‘मेडिकल’च्या नावाखाली रक्त घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पोराला ‘जागा भरली’ सांगितलं. पोरगा माझ्याकडे आला. मी कायदा उघडून दाखवला. त्यानं शांतपणे विचारलं, ‘तक्रार केली तर माझं नाव येईल ना?’ कायदा नाव गुप्त ठेवायची सोय करतो, खटला टोपणनावानंही चालवता येतो. हेही सांगितलं. तो म्हणाला, ‘विचार करून येतो.’ आला नाही.

रुग्णालयंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. एका प्रसूतिकक्षात, कुठल्या ते विचारू नका, कोपऱ्यातली शेवटची खाट ठरलेली होती. पायथ्याला लाल चिकटपट्टी. आया त्या खाटेची चादर हातमोजे घालून, दोन बोटांनी उचलायची. बाकीच्या बायका हुशार असतात, दोन तासांत त्यांना पट्टीचा अर्थ कळायचा. फाईल कुलपात, आणि खाटेवर जाहिरात!

प्रसूतीचा विषय निघालाच आहे, तर सांगते. उपचाराविना पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषध असेल तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची पहिल्याच भेटीत एचआयव्हीची चाचणी करतात. तुमच्या सुनेला करायला सांगितली तर कपाळाला आठ्या घालू नका. त्यात संशय नसतो.

कोपरखैरण्याच्या त्या बाईला असंच गरोदरपणात कळलं होतं. त्या काळी कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचे थेंब, एवढाच उपाय हाती होता. नवरा टेम्पो चालवायचा, तो गेला. मुलगी दीड वर्षाची झाल्यावर शेवटची चाचणी झाली, निगेटिव्ह आली. मी रिपोर्ट वाचून दाखवला, तेव्हा ही रडली नाही, हसली नाही. मला म्हणाली, ‘परत वाचा.’ मी तीनदा वाचला.

पुढं तिचं स्वतःचं औषध सुरू झालं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा भार, इतका खाली आला की यंत्राला सापडेना. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता पक्कं ठरलंय. मी तिला सांगितलंही, दुसऱ्या लग्नाचा विचार कर हवं तर. ‘आता कुठं,’ म्हणाली. ठाण्याची वारी चालू राहिली. मुलीला काय सांगायची? ‘बीपीची गोळी आणायला ठाण्याच्या मावशीकडे जाते.’ ती मावशी म्हणजे मी.

कोणाला काही विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, नाव विचारत नाहीत, मराठीत बोलता येतं. लिहून ठेवा. कॅलेंडरवर लिहा हवं तर. शेजाऱ्यानं विचारलं तर गॅसवाल्याचा म्हणून सांगा.

माझा करार संपायच्या जरा आधी ती आली. महिना अजून भरला नव्हता. म्हणाली, ‘ताई, मला ट्रान्सफर करून द्या, वाशीला.’

‘का गं? घर बदललं?’

‘नाही. पोरगी दहावी झाली. तिच्या पुस्तकात एचआयव्हीचा धडा होता. तिनं डबी हातात घेतली, लेबल खरवडलेलं बघितलं आणि मला विचारलं. मी सांगून टाकलं.’

‘मग? काय म्हणाली?’

‘थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आई, ठाण्याला कशाला जातेस? वाशीला मी येते ना बरोबर.’

मी ट्रान्सफरचा कागद भरायला घेतला. केंद्राच्या रकान्यात ‘वाशी’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तिनं उपचाराची पुस्तिका पिशवीत ठेवली. नवी डबी तशीच वर ठेवली. जिना उतरताना ती वाजत गेली, खालपर्यंत ऐकू येत होती.