चिमटा, कुत्रा आणि किडनी

नमस्कार श्रोतेहो. रक्तदाब म्हटलं की आपला हात छातीवर जातो. आज तो जरा मागे न्या, कमरेच्या वर.

1934 सालची गोष्ट. अमेरिकेत क्लीव्हलंडला हॅरी गोल्डब्लाट हे विकृतिशास्त्रज्ञ होते. उच्च रक्तदाबाने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात त्यांना किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसत. दाबामुळे वाहिन्या बिघडतात, हे सगळेच म्हणत. गोल्डब्लाटना वाटलं, उलटं असेल तर? त्यांनी स्क्रूने आवळता येणारा चांदीचा चिमटा केला आणि कुत्र्याच्या किडनीच्या धमनीवर बसवला. धमनी बंद नाही हं, नुसती चिमटलेली. एका बाजूला लावला, दाब चढला आणि काही काळाने उतरला. दोन्ही बाजूंना लावला, दाब चढला तो चढलाच! चिमटा बेताचा असला तर किडनीचं काम मात्र नीट चालू. म्हणजे रक्त कमी पोचलं की किडनीच काहीतरी सोडते. ते होतं रेनिन. 1898 मध्ये स्टॉकहोमला टिगरश्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या किडनीत सापडलेलं, पण पुढे अडगळीत पडलेलं. रेनिनमुळे पुढे जो पदार्थ तयार होतो, त्याला दोन गटांनी दोन नावं दिली, हायपरटेन्सिन आणि अँजिओटोनिन. 1958 मध्ये अर्धं-अर्धं जोडून अँजिओटेन्सिन झालं. तडजोडीची नावं उच्चारायला अवघडच असतात, असं माझं मत.

तर, रेनिनमुळे यकृतातल्या प्रथिनापासून अँजिओटेन्सिन एक तयार होतं. मुख्यतः फुफ्फुसांतलं एसीई नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं अँजिओटेन्सिन दोन करतं. हा दुसरा प्रकार रक्तवाहिन्या आवळतो आणि अल्डोस्टेरोन या संप्रेरकाकरवी मीठ-पाणी धरून ठेवतो. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला एक नळी आत येते, एक बाहेर जाते. अँजिओटेन्सिन बाहेरची जास्त आवळतं. पाइपच्या तोंडावर बोट धरावं, तसा मागे दाब वाढतो आणि रक्त कमी असूनही गाळणं चालू राहतं. हेच वर्षानुवर्षं चाललं की गाळणी खराब होते, लघवीत प्रथिनं उतरतात.

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या अँजिओटेन्सिनला अडवून ही बाहेरची नळी सैल करतात. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, थोडं वाढतं. घाबरून गोळी सोडू नका. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते. पुन्हा सांगतो, 30 टक्के. त्यापुढे गेली तर किडनीच्या दोन्ही धमन्या अरुंद आहेत का, हे पाहावं लागतं. तोच गोल्डब्लाटचा चिमटा!

उलट्या-जुलाब झाले तर गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारा. या गोळीसोबत लघवी वाढवणारी गोळीही चालू असताना वर आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी नको; ते आत येणारी नळी आवळतं. आणि ‘कमी सोडियम’ मीठ आणण्याआधी पाकीट वाचा. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि या गोळ्यांनी ते रक्तात आधीच वाढू शकतं.