ओला ताव

[दृश्य: खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा. कौलारू घर, पागोळ्या.]

खानापूरकडं पाऊस एकदा लागला की लुगडं चार-चार दिवस वाळत नाही. मग इथल्या बायका हातानं करतात तो कागद कुठला वाळणार?

पडवीत शिंप्यांकडून आणलेल्या कात्रणांचा ढीग आहे. बटणं, चेनी, टेरिकॉटचे तुकडे आधी हातानं वेचून काढायचे. टेरिकॉटचा लगदा होत नाही. उरलेलं सुती कापड बारीक करून यंत्रात तासन् तास कुटायचं, मग हौदात.

[दृश्य: हौद, जाळीची चौकट.]

आता हाताकडं बघा. चौकट तिरकी बुडवली, आडवी करून उचलली, एकदा हलकेच हलवली. त्या हलवण्यातच धागे एकमेकांत गुंततात. पाणी गळून जातं, जाळीवर राहतो तो ताव. तो कापडावर पालथा घालायचा. वर दुसरं कापड, दुसरा ताव. थप्पी दाबून पाणी काढायचं, मग दोरीवर. वाळल्यावर खळ द्यायची, नाहीतर शाई फुटते.

दांडेलीची कागद गिरणी इथून फार लांब नाही. तिथला कागद एकसारखा निघतो. इथं घोडं अडतं ते या ‘एकसारखा’पाशीच. पत्रिकावाल्याला पाचशे ताव एका रंगाचे, एका जाडीचे हवेत. पण कापडाचा रंग तोच कागदाचा रंग. या खेपेला निळी कात्रणं आली, पुढच्या खेपेला येतीलच असं नाही. जाडीही हातावर: अक्कांचा हात जड, धाकट्या वहिनींचा हलका. हा फरकच आवडणारं गिऱ्हाईक आहे, पण ते पुण्यात, बेंगळुरात. बेळगावच्या खडेबाजारात भाव विचारतात आणि गिरणीचा ताव घेतात.

त्यात दिवाळीच्या भेटकार्डांचं काम ऐन पावसात येतं. उन्हाळ्यात करून ठेवावं, तर कात्रणांना पैसे आधी लागतात. दमट खोलीत कागदाला बुरशी येते, ती वेगळीच. दुकानदार माल ठेवून घेतो. पैसे मात्र विकल्यावर.

या बायकांच्या संघाची वही मराठीत, कर्जाचा अर्ज कन्नडात. तो शाळेतली पोरगी भरते.

१९२४ साली गांधीजी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, १९३७ मध्ये बेळगावजवळच्या हुदलीला येऊन राहिले. हातकागद त्यांच्या ग्रामोद्योगांत होताच. भाषणांत ही आठवण निघते. ऑर्डर निघत नाही.

[दृश्य: उघडीप.]

ऊन पडलं. ताटातली भाकरी तशीच टाकून दोघीजणी थप्पी उचलून अंगणात पळाल्यात. चिमटे कमी पडतायत.