पाठ टेकली म्हणजे संपलं?

मंडळी, गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका तालमीत बसलो होतो. एका पोरानं मोबाइलवर एमएमएची, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सची लढत लावली. म्हातारे वस्ताद चष्मा वर करून बघू लागले. एकानं दुसऱ्याला आडवं केलं, छातीवर बसला आणि तोंडावर ठोसे सुरू केले. वस्तादांनी फोन परत दिला. म्हणाले, ‘पडलेल्याला मारतंय. ही कुस्ती न्हवं, भांडण हाय.’

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. तिकडे पाठ लागल्यावर खरी लढत सुरू होते.

दुसरे पैलवान वेगळं बोलतात. ‘आपल्यात हे सगळं होतंच की!’ भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी असे कुस्तीचे चार प्रकार ते मोजून दाखवतात. जरासंधीत हातपाय मोडणं आलं, गळा आवळणं आलं. बरोबर आहे. पण जरासंधी आज रोज पहाटे हौद्यात कोण खेळतं? नाव पाठ असलेला डाव वेगळा आणि अंगात मुरलेला डाव वेगळा.

ही अडचण जपानात जुदोचे जनक जिगोरो कानोंनी ओळखली होती. 1882 साली त्यांनी तोक्योत कोदोकान ही जुदोची तालीम सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येतले घातक प्रकार त्यांनी आखीव कवायतीपुरते ठेवले आणि उरलेले डाव दोघांनी पूर्ण ताकदीनं खेळायचे असं ठरवलं. जीवघेणा डाव जोडीदारावर रोज कसा मारणार? मग तो हवेतच मारला जातो आणि हवा काही प्रतिडाव करत नाही. आपली तालीमही याच वाटेनं टिकली. रोज लढत, रोज माती.

कोदोकानमधला माएदा नावाचा जुदोपटू ब्राझीलला गेला आणि ती विद्या ग्रेसी कुटुंबात उतरली. 1951 मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानी जुदोपटू किमुरानं हेलिओ ग्रेसीचा हात पिरगाळून मोडला. तेव्हापासून ब्राझीलमध्ये त्या कुलपी, म्हणजे सांधा अडकवून पिळायच्या, डावाला किमुराच म्हणतात. हरलेल्यानं जिंकणाऱ्याचं नाव डावाला द्यावं, हे मला फार आवडतं. पुढे 1993 साली अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही एमएमएची स्पर्धा पहिल्यांदा झाली. हेलिओचा मुलगा रॉइस, सुमारे 80 किलोचा, एका रात्रीत तिघांना हरवून गेला. तिन्ही लढती मिळून पाच मिनिटंही झाली नाहीत.

आता आपल्या जवळची गोष्ट. 1976 च्या डिसेंबरात कराचीत अक्रम पैलवान जपानच्या अँटोनियो इनोकीशी लढला. अक्रम म्हणजे थोर मल्ल गामाचा पुतण्या, म्हणजे घराणं केवढं! इनोकीनं त्याच किमुराच्या जातीचं कुलूप लावलं आणि अक्रमचा हात गेला. ताकद कमी पडली असं मला वाटत नाही. त्या कुलपाची सवय नव्हती.

सवयीचं आणखी एक सांगतो, कारण वस्ताद लोक यावर बोलत नाहीत. आपला पैलवान अडचणीत आला की पोटावर पडतो, पाठ वर करतो. चीत होण्यापेक्षा हे बरं. एमएमएत हीच सवय नडते. मागून हात गळ्याखाली शिरतो आणि खेळ खलास. उलट बाजूनंही तेच. बलालीच्या फोगट घराण्यातली रितू कुस्ती सोडून 2019 मध्ये एमएमएत गेली. पट काढून खाली घेण्यात तिचा हात धरणारी कमीच. 2021 मध्ये एका एमएमए स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिनं थायलंडच्या स्टॅम्पला खाली घेतलंही. आपल्या हिशेबानं वर असलेली जिंकत असते. स्टॅम्पनं पाठीवर पडल्या पडल्या पाय आवळून तिचा हात धरला आणि रितूला हार मानावी लागली. स्टॅम्प मूळची मुए थाईवाली, म्हणजे लाथाबुक्क्यांची.

तो मोबाइलवाला पोरगा आता संध्याकाळी जिममध्ये पाठीवर पडून लढायला शिकतो आणि पहाटे तालमीत येतो. वस्तादांना ठाऊक आहे. परवा त्याला म्हणाले, ‘तिकडं काय पडायचं ते पड. हितं पाठ टेकलीस तर शंभर जोर जास्त.’