उपग्रहाला वाळू कशी दिसते

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सोलापूरचं समुद्राशी नातं आहे ते भीमेतून. आपल्या शिवारातली काळी माती पावसात वाहते, सीना-भीमेतून रायचूरजवळ कृष्णेत जाते आणि आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळायला निघते. निघते म्हणतो, कारण पुण्याकडचा गाळ उजनीत अडतो आणि आपला पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागरात. कृष्णेच्या मुखाशी गाळ कमी पोचतो आणि तिथला किनारा जागोजागी मागे सरकतो. त्यामुळे किनाऱ्यावर काय साठलंय, भरड की बारीक, ओलं की कोरडं, हे मोजणं मला आपल्या घरचंच काम वाटतं.

मोजायचं कसं? सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यातला सर्वांत बारीक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटरचा. वाळूचा कण 2 मिलिमीटरपासून 0.0625 मिलिमीटरपर्यंत, त्याखाली पोयटा आणि चिकणमाती. म्हणजे कण दिसण्याचा प्रश्नच नाही. हाती येते ती त्या चौकोनाची सरासरी उजळ-काळोखी, प्रत्येक रंगपट्ट्यात वेगळी.

खरी गुंतागुंत इथेच आहे. कोरडी वाळू बारीक असेल तर जास्त उजळ दिसते, भरड असेल तर काळपट. तीच वाळू ओली झाली की काळवंडते. आणि रत्नागिरीच्या काळबादेवी, मिऱ्याकडे जा, तिथली इल्मेनाइट या काळ्या खनिजाची वाळू कोरडी असली तरी काळीच. काळेपणा एक, कारणं तीन. ती सोडवायला डोळ्यांना न दिसणारे अवरक्त पट्टे लागतात. पाणी तिथला प्रकाश फार शोषतं, म्हणून ओलाव्याची चुगली तेच करतात. चिकणमातीची खूण 2200 नॅनोमीटरच्या आसपास सापडते, पण सेंटिनेलचा तिथला पट्टा रुंद आहे, खूण पुसट होते. 2022 साली सोडलेला जर्मनीचा एन्मॅप उपग्रह तिथे बारीक पट्टे देतो, मात्र त्याचा चौकोन 30 मीटरचा.

मला सर्वांत भावलेली युक्ती वेगळीच आहे. ओलावा ही अडचण, पण तोच साक्षीदारही होतो. ओहोटीला पाणी उतरलं की भरड वाळूतून ते लवकर निथळतं, चिखल तासन्‌तास ओला राहतो. पाणी किती वाजता हटलं हे माहीत असेल, तर नंतर उरलेल्या ओलीवरून कणाचा आकार ताडता येतो.

आता वेळेचं गणित पाहा. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती. सेंटिनेल कोकणावरून जातो तोही अकराच्या सुमाराला! म्हणजे उधाणाच्या दिवसांत तो नेमका भरतीच्या वेळी येतो. त्या दिवसांतली सर्वांत खोल ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी येते, ती त्याला कधीच सापडत नाही. त्याला मिळते ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची उथळ ओहोटी. किनाऱ्याचा सर्वांत खालचा पट्टा या चित्रांत जवळपास येतच नाही. असा नकाशा पाहताना तिथी विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पावसाळ्यात तर ढग, आणि गाळ सर्वांत जास्त हलतो तो तेव्हाच. तिथे रडार कामाला येतं. ते ढगांतून पार जातं, रात्रीही चालतं, आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा टिपतं. लाटांनी रेघाळलेली वाळू आणि गुळगुळीत चिखल त्यात वेगळे पडतात. 2025 च्या जुलैमध्ये सोडलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या रडार उपग्रहाकडून मला म्हणूनच मोठी आशा आहे.

इथल्या विद्यार्थ्यांना एक सांगायचंय. या कामाचा सराव करायला समुद्रच हवा असं नाही. एप्रिल-मेमध्ये उजनी वजा पातळीत गेली की काठचा गाळ मैलोन्‌मैल उघडा पडतो. आभाळ स्वच्छ, भरतीची भानगड नाही. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट आहेच. उपग्रह ज्या दिवशी येतो त्याच दिवशी अकराच्या आसपास तिथे उभे राहा. सगळीकडे एकसारखी दिसणारी, निदान तीस मीटर लांब-रुंद जागा निवडा आणि तिच्यात पाच-सहा ठिकाणचे नमुने घ्या. खणू नका, वरचा पापुद्राच खरवडा, कारण परतणारा प्रकाश वरच्या एक-दोन मिलिमीटरांतूनच येतो. पिशवी तिथेच घट्ट बांधा, नाहीतर ओलावा वाटेतच उडून जाईल. परतल्यावर आधी ओलं वजन, मग 105 अंशांच्या भट्टीत चोवीस तास, मग कोरडं वजन. शेवटी चाळण्या, त्यातली सर्वांत बारीक 63 मायक्रॉनची. हे आकडे चित्रातल्या त्याच चौकोनांशेजारी मांडा. जुळले नाहीत तर ते चौकोन घेऊन माझ्याकडे या, मला ते पाहायचे आहेत.