बार ऐकू आला नाही, एवढंच

नमस्कार श्रोतेहो.

शंभर मीटरची शर्यत डोळ्यांसमोर आणा. आठ धावपटू वाकून सज्ज आहेत. पिस्तुलाचा बार उडतो. सात जण सुटतात, आठवा जागेवरच. त्याच्या पायांत काही उणं नाही. बार त्याला ऐकू आला नाही, एवढंच. शेजारचा हललेला दिसेल तेव्हा तो सुटेल, पण तोवर शर्यत हातची गेलेली असते.

म्हणून कर्णबधिरांनी स्वतःची मैदानं उभी केली. ग्लासगोत १८७१ मध्ये त्यांचा फुटबॉल क्लब निघाला, बर्लिनमध्ये १८८८ साली क्रीडा मंडळ. काळ मोठा कठीण होता. १८८० मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद भरली आणि बधिर मुलांना खुणांनी नव्हे, बोलूनच शिकवायचं असं ठरलं. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारे! मग कितीतरी शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. क्लबात मात्र हात मोकळे असत. मला वाटतं, खेळाइतकीच ओढ त्या गप्पांची असणार.

युजेन रुबेन्स-आल्केस हा फ्रान्सचा कर्णबधिर मोटार मेकॅनिक, सायकलचा वेडा. ऑगस्ट १९२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिक नुकतंच आटोपलेलं असताना, त्याच शहरात त्याने आंतरराष्ट्रीय मूक क्रीडास्पर्धा भरवल्या. नऊ देश, १४८ खेळाडू. बेल्जियमचा तरुण आंत्वान द्रेस त्याच्या जोडीला होता. तिथेच कर्णबधिर खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली. पॅरालिम्पिकचं मूळ असलेल्या स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धा १९४८ च्या, म्हणजे २४ वर्षांनंतरच्या!

आता पिस्तुलाच्या बाराऐवजी दिवे असतात: लाल, पिवळा, आणि हिरवा लागला की धाव. फुटबॉलमध्ये पंच निशाण हलवतो. दोहोंपैकी चांगल्या कानाचीही श्रवणहानी किमान ५५ डेसिबल हवी आणि श्रवणयंत्र उतरवूनच मैदानात यायचं. २००१ पासून या स्पर्धांना डेफलिम्पिक्स म्हणतात.

मग हे खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये का नाहीत? त्यांची संघटना काही काळ त्या छत्राखाली गेली होती, १९९५ मध्ये बाहेर पडली. आपला कारभार आपल्याच भाषेत, आपल्याच लोकांनी चालवायचा, हा त्यांचा आग्रह. २०२५ मध्ये टोकियोत डेफलिम्पिक्स भरल्या, त्याही डेफलिम्पिक्स याच नावाने.