नारायण विनायक जगताप कोण?

नमस्कार श्रोतेहो.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर म्हटलं की कोल्हापूरचा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, मुंबईची टाटा संस्था, पुण्याची ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था... हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचीय ती १९७४ सालची गंमत.

एका परिसंवादात वक्ता फार रटाळ बोलत होता. डुलक्या काढण्यापेक्षा नारळीकरांनी तिथल्याच कागदांवर गोष्ट लिहायला घेतली. (आपल्याकडे सत्कारसभा होतात, त्यांच्या हिशेबानं मराठीत कादंबऱ्यांचा पूर यायला हवा होता!) मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. गोष्ट धाडावी, पण नाव? ऐन विशीत पद्मभूषण मिळालेला माणूस. नाव पाहूनच परीक्षक दबायचे. मग त्यांनी आद्याक्षरं उलटी केली. जयंत विष्णू नारळीकर: ज, वि, ना. आता मागून म्हणा: ना, वि, ज. झाले नारायण विनायक जगताप! बरं, अक्षर कुणी ओळखलं तर? म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी अख्खी कथा आपल्या हातानं उतरवून दिली. त्या स्वतः गणितातल्या, पण त्या दिवशी लेखनिक.

निकाल लागला. ‘कृष्णविवर’ पहिली, लेखक नारायण विनायक जगताप! पुन्हा सांगतो, नारळीकर हे नाव परीक्षकांसमोर नव्हतंच. बक्षीस गोष्टीला मिळालं. हल्ली पुस्तकावर शीर्षकापेक्षा लेखकाचा फोटो मोठा असतो, असो.

पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांच्याकडून कथा मागून घेतल्या, आणि १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या लेखनाची दखल घेतली.

त्यांच्या गोष्टीतलं विज्ञान काढून घेतलं, तर गोष्टच कोसळते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते. उजव्या सोंडेचं सोवळं किती कडक, ते घरोघरी माहीत आहे! इथे मात्र चमत्कार नाही, मोबियसची पट्टी आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा. आता एखादी सपाट आकृती तिच्या पृष्ठातून सरकवत एक फेरी मारून आणली की तिचं डावं ते उजवं होतं. घरी करून बघा, डिंक आणि वर्तमानपत्र पुरे.