चिकूच्या मुलखात आठ मुक्काम

[पहाट. घोलवडची चिकूची वाडी. जाळी लावलेल्या काठीने फळं उतरवली जात आहेत.]

माझं माहेर घोलवडचं. उन्हाळ्यात आम्ही भावंडं चिकूच्या सावलीत खाटा टाकून दुपार काढायचो. हे झाड इथलंच, आपलंच, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पुढे कळलं की त्याचं मूळ रान पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला आहे, मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात. तिथे त्याला ‘चिकोसापोते’ म्हणतात आणि आपला ‘चिकू’ त्यातूनच आला. स्पॅनिश गलबतांतून तो फिलिपिन्सला पोचला आणि तिथून आशियात पसरला. त्या रानात राहणाऱ्या माया लोकांनी चिकूचं लाकूड आपल्या देवळांच्या दारांवर तुळया म्हणून बसवलं. हजार वर्षं उलटली, त्यातल्या काही तुळया अजून छताचा भार तोलून आहेत.

लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा दोघांनीच कुठेतरी जायचं ठरलं. नवऱ्याला समुद्र हवा होता. वाळू, सावली आणि काहीही न करण्याची मोकळीक. मला त्या तुळया बघायच्या होत्या.

[जेवणाचं टेबल. पसरलेला नकाशा, पेन्सिलीच्या खुणा.]

आधी महिना ठरवला. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम असतो. एप्रिल ते साधारण ऑगस्टपर्यंत सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ लाटांबरोबर किनाऱ्यावर येतं. २०११ पासून ते कॅरिबियनमध्ये प्रचंड प्रमाणात वाहून यायला लागलं. कुठल्या वर्षी किती येईल ते सांगता येत नाही, पण आलं की वाळूवर त्याचे ढीग साचतात आणि कुजल्यावर सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. डिसेंबर ते मार्च हे त्यातल्या त्यात भरवशाचे महिने. आम्ही फेब्रुवारीचा शेवट धरला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागला नाही. तुम्ही निघाल तेव्हाचा नियम मात्र वकिलातीकडूनच तपासून घ्या.

खरा वाद मुक्कामांवरून झाला. बहुतेक जण कानकून या किनाऱ्यावरच्या शहरात, हॉटेलात आठवडाभर राहतात आणि एक दिवस बसने चिचेन इत्झा हे मायांचं पडकं शहर करून येतात. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, आणि पोचायचं नेमकं रणरणत्या दुपारी. मला ते पटेना. मी दोन गोष्टी ठरवून घेतल्या: समुद्राचे दिवस सलग त्याचे, आणि भग्नावशेष कुठलेही असोत, दार उघडताना आपण तिथे हजर. मग हिशेब आपोआप लागला. चार रात्री टुलुमला समुद्राजवळ, दोन व्हायादोलिद या जुन्या गावात, दोन मेरिदा शहरात.

[टुलुम. कड्यावरचं करडं देऊळ, खाली निळंहिरवं पाणी.]

टुलुमला त्याचं आणि माझं भांडणच उरलं नाही. साधारण बारा मीटर उंच कडा, त्यावर देऊळ आणि खाली पांढरी वाळू. तीन बाजूंनी जाड दगडी तट, चौथ्या बाजूला समुद्र. कोकणातले किल्ले पाहिलेल्या माणसाला ही रचना लगेच उमजते. हे मायांचं उशिराच्या काळातलं बंदर. तेराव्या ते पंधराव्या शतकात त्याची भरभराट होती. ग्वाटेमालाच्या डोंगरातली ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, होड्यांमधून इथे उतरायची. १५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वाच्या स्पॅनिश जहाजांवरच्या लोकांनी समुद्रातून हा किनारा पाहिला, तेव्हा इथली गावं नांदती होती.

एका छोट्या देवळाच्या दारावर देवाची मूर्ती आहे, पाय वर आणि डोकं खाली. आकाशातून सूर मारून उतरणारा देव. तो नेमका कोण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. तोवर नवरा पाण्याकडे बघत बसला होता.

टुलुमचं जुनं नाव ‘सामा’ असावं असं मानतात. त्याचा संबंध पहाटेशी आहे. पूर्वेकडचा किनारा, सूर्य समुद्रातूनच वर येतो. नकाशावर डहाणूपासून आडवी रेघ ओढत जगाला वळसा घातला, तर ती टुलुमच्या अगदी जवळून जाते. फरक जेमतेम पाव अंशाचा. चिकू दोन्हीकडे रमला याचं मला मग नवल वाटेना.

उरलेले दिवस पाण्यात गेले. किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाची भिंत आहे, जवळपास हजार किलोमीटर पसरलेली, जगातली दुसऱ्या क्रमांकाची. किनाऱ्याजवळचं पाणी बरंचसं शांत असतं ते तिच्यामुळे.

[कोबाचं रान. जुन्या चिकूच्या खोडावर तिरक्या खाचा.]

त्यातली एक सकाळ मी मागून घेतली, कोबासाठी. टुलुमपासून पाऊण तासावर, तळ्यांच्या काठचं हे शहर अजून बरंचसं झाडीखाली आहे. इथून ‘साकबे’ निघतात. साकबे म्हणजे पांढरी वाट: चुनखडीचा भराव घालून बांधलेला उंच रस्ता. त्यातला एक पश्चिमेला याशुनापर्यंत जातो, शंभर किलोमीटर. चाकाची गाडी नाही, ओझ्याचं जनावर नाही. माणसांनी पाठीवरून दगड वाहून ही वाट बांधली.

आणि त्या खाचा. चिकूच्या खोडाला तिरकी चीर दिली की पांढरा चीक ओघळतो. त्याला ‘चिकले’ म्हणतात. चघळायचा गोंद, म्हणजे च्युइंगगम, आधी यापासूनच बनायचा. चीक काढणारे मजूर महिनोन् महिने रानात फिरायचे आणि कितीतरी पडकी शहरं त्यांनाच पहिल्यांदा दिसली. दक्षिणेकडचं कालाकमुल हे विशाल शहर १९३१ मध्ये जगापुढे आणलं ते सायरस लुंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तो अशाच एका चिकले कंपनीच्या कामावर होता. खोडावरून हात फिरवताना मला आमच्या वाडीतला चिकट चीक आठवला. आई तो बोटांवरून खोबरेल लावून काढायची.

[सेनोते. छताच्या भोकातून उन्हाचा झोत, तळाशी निळं पाणी.]

आता पाण्याबद्दल. हा सगळा मुलूख म्हणजे चुनखडीचा सपाट पत्रा. पाऊस भरपूर, पण वाहणारी नदी जवळपास नाही. पाणी दगडातून झिरपून खाली जातं, दगड विरघळवतं, गुहा कोरतं. एखाद्या गुहेचं छत कोसळलं की विहीर तयार होते. मायांचा शब्द ‘त्सोनोत’, स्पॅनिशांनी त्याचं ‘सेनोते’ केलं. द्वीपकल्पाच्या वायव्येला या विहिरी चक्क अर्धवर्तुळात आहेत. ६.६ कोटी वर्षांपूर्वी चिक्शुलुब इथे जो उल्कापिंड आदळला, ज्याच्या तडाख्याने डायनासोर संपले, त्याच्या गाडल्या गेलेल्या विवराची ती कड.

टुलुमच्या परिसरात जमिनीखाली साक आक्तुन नावाचं गुहांचं जाळं आहे. पाणबुड्यांनी त्यातले साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त मार्ग मोजले आहेत. तिथल्याच एका खोल खड्ड्यात २००७ मध्ये एका मुलीचा सांगाडा मिळाला. पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती बारा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे पडली, तेव्हा त्या गुहा कोरड्या होत्या.

सेनोतेत उतरण्याआधी अंगावरून पाणी घ्यायला लावतात, आणि क्रीम-लोशन लावून जाऊ देत नाहीत. हा नियम मनापासून पाळा. या पाण्याला माती गाळून घेत नाही, वर जे पडतं ते थेट खाली जातं. म्हणूनच ‘त्रेन माया’ या नव्या रेल्वेवरून इतका वाद झाला. कानकून-टुलुम टप्प्यात तिचे लोखंडी खांब गुहांची छतं फोडून खाली नेले गेले. या रेल्वेने लोकांची सोय झाली हेही खरं. पण गुहेतून गेलेल्या खांबाचे फोटो पाहिल्यावर माझं मन होईना. आम्ही बसनेच पुढे गेलो.

[व्हायादोलिद. पिवळसर चर्च, चौकातली बाकं.]

व्हायादोलिदला जाताना राज्य बदलतं आणि घड्याळ एक तास मागे जातं. नियोजनात हा तास सोन्यासारखा आहे, फक्त तो लक्षात ठेवा. परतीला तोच तास हातातून जातो.

गावात पोचल्यावर मला पहिल्यांदा नीट जाणवलं की ‘माया संस्कृती लोप पावली’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. भरतकाम केलेले पांढरे झगे घातलेल्या बायका चौकात आपसात मायातच बोलत होत्या. युकातेक माया आज सुमारे पावणेआठ लाख लोक बोलतात. ‘कसे आहात’ विचारायला त्यांचे शब्द आहेत ‘बिश अ बेल’. शब्दशः अर्थ, तुझी वाट कशी आहे? साकबेतला ‘बे’, तोच हा.

जेवणाचं एक सांगायला हवं. नवरा शाकाहारी आहे, आणि इथे साध्या घेवड्याच्या उसळीतही बऱ्याचदा डुकराची चरबी असते. त्याने एक वाक्य पाठ केलं, ‘सिन मांतेका, पोर फावोर’. चरबीशिवाय द्या. सगळीकडे समजूतदारपणे दिलं गेलं. ‘सिकिल पाक’ मात्र त्याने रोज खाल्लं. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, टोमॅटो, हबानेरो मिरची. बरोबर मक्याची गरम तोर्तिया. तिचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात.

[चिचेन इत्झा. सकाळचे आठ. मैदानात दोन-चारच माणसं.]

चिचेन इत्झाला दोन तिकिटं काढावी लागतात, एक केंद्राचं, एक राज्याचं. आठला दार उघडलं तेव्हा आम्ही रांगेत पुढे होतो. अकराच्या आत कानकूनच्या बसगाड्या आल्या आणि मैदान भरून गेलं. त्या तीन तासांसाठी व्हायादोलिदचा मुक्काम होता.

नावाचा अर्थ ‘इत्झांच्या विहिरीच्या मुखाशी’. इत्झा म्हणजे इथले माया लोक. मधोमध कुकुल्कान या पिसांच्या नागदेवाचा पिरॅमिड. नऊ टप्पे, चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. मायांची दोन चक्रं होती: एक ३६५ दिवसांचं, दुसरं २६० दिवसांचं. दोन्ही पुन्हा एकाच जागी यायला ५२ वर्षं लागतात. शून्य त्यांनी आपल्याशी काही संबंध नसताना शोधलं आणि शिंपल्याच्या आकाराने लिहिलं. पायऱ्या चढू देत नाहीत, ते योग्यच आहे. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी चिवचिवत परत येतो, अगदी केत्साल पक्ष्यासारखा.

मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी मावळत्या उन्हात कठड्यावर त्रिकोणी कवडशांचा साप उतरताना दिसतो. त्या दिवशी हजारोंची गर्दी असते. आधीचे-नंतरचे काही दिवसही तो दिसतो, साप बघायचाच असेल तर ते दिवस धरा. आणखी एक गोष्ट. हा पिरॅमिड आणि आपलं अकोला साधारण एकाच अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैत, ज्या दिवशी अकोल्याला शून्य सावली असते, त्याच सुमारास इथेही सूर्य नेमका डोक्यावर येतो.

पिरॅमिडच्या पोटात आणखी जुना पिरॅमिड आहे. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजणी करून सांगितलं की त्याच्याही खाली पाण्याने भरलेली पोकळी आहे.

[पवित्र सेनोते. हिरवं, स्थिर पाणी.]

उत्तरेला एक साकबे पवित्र विहिरीकडे नेतो. साठेक मीटर रुंद, कडे सरळ तुटलेले. इथे पाण्याच्या देवाला, चाकला, जेड, सोनं, धूप आणि माणसंही अर्पण झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकनाने तळ उपसला आणि मिळालं ते हार्वर्डच्या संग्रहालयाकडे रवाना केलं. त्यातलं काही पुढे मेक्सिकोला परत मिळालं. नवरा इथे माझ्याआधी गप्प झाला. आदल्या दिवशी तशाच पाण्यात आम्ही हसत पोहलो होतो.

[उश्माल. संध्याकाळचं ऊन, दगडी मुखवटे.]

मेरिदाहून उश्माल, मायांचं आणखी एक जुनं शहर. माझ्या मते वास्तू म्हणून हे सगळ्यात सुंदर, आणि गर्दी कमी. जादूगाराचा पिरॅमिड एका बुटक्याने एका रात्रीत बांधला, अशी कथा. पांडवांनी एका रात्रीत उभारलेली देवळं आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे ऐकताना घरच्यासारखं वाटलं. इथल्या टेकड्यांत सेनोते नाहीत. लोक जमिनीत बाटलीच्या आकाराच्या टाक्या खोदून पावसाचं पाणी साठवायचे. म्हणून भिंतीभर चाकचे मुखवटे, लांब वळलेल्या नाकाचे, एकावर एक. जिथे विहीर नाही तिथे पावसाच्या देवाला अशी शेकडो तोंडं दिली.

वाट वाकडी करून मानीला गेलो. साधं गाव, मोठा मठ. १२ जुलै १५६२ ला दिएगो दे लांदा या पाद्रीने इथे मायांची पुस्तकं जाळली. त्यांना त्याचं अतोनात दुःख झालं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. आज जगात माया पोथ्या चारच उरल्या आहेत. आणि त्याच लांदाने टिपलेल्या ‘मुळाक्षरां’वरून १९५२ मध्ये लेनिनग्राडमध्ये बसलेल्या युरी क्नोरोझोव्हने ही लिपी वाचायची वाट काढली. मठाच्या अंगणात ऊन होतं, मुलं सायकली फिरवत होती. आम्ही फार काही चित्रित केलं नाही.

[मेरिदाचा बाजार. फळांच्या राशी.]

शेवटची सकाळ लुकास दे गाल्वेस बाजारासाठी राखली होती. पपया, सीताफळं, पेरू, मिरच्या, सगळी आपल्या बाजारातली मंडळी आपल्या मूळ गावी. एका आजींच्या टोपलीत चिकू होते, आमच्यापेक्षा गोल, साल जरा खरखरीत. मी खुणेनेच विचारलं, याला मायात काय म्हणता? त्यांनी फळ माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, ‘या’.

घोलवडला फाटकाशी कोणी दिसलं की माझी आई हेच म्हणते.